छापखानेवालीचं साप्ताहिक

भिवंडी बायपासला लागून गोदामांची रांग आहे. त्यातल्या एका गोदामाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर ट्रक भरले जायचे आणि वर आम्ही वीस-पंचवीस जणी जुनी कागदपत्रं टाइप करायचो. परदेशातल्या ग्रंथालयांची कामं यायची. स्क्रीनच्या डाव्या बाजूला जुन्या पानाचा फोटो असायचा. उजव्या बाजूला तेच पान अक्षर न अक्षर टाइप करायचं. मी शिक्षकाची मुलगी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून मला तपासनीस केलं होतं.

तपासायची पद्धत साधी होती. एकच पान दोघींना द्यायचं. दोघी वेगवेगळ्या बसून ते टाइप करायच्या, मग कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा आणि फरक सापडेल तिथे पिवळी खूण करायचा. मूळ पान डोळ्यांजवळ घेऊन कुणाचं बरोबर ते मी ठरवायचं. दहांपैकी नऊ वेळा एकाच मुलीचं बरोबर निघायचं.

ती गणेशपुरीच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची. पहाटेची एसटी पकडून अंबाडी नाका, तिथून दुसरी गाडी. आश्रमशाळेत बारावी झालेली, घरी भाताची थोडी जमीन, आईबाप मजुरीला जाणारे. इंग्रजी तिला फारसं कळत नसे, आणि तिच्या कामात तोच फायदा होता. बाकीच्या मुली अर्धा शब्द वाचून पुढचा अंदाजाने ठोकायच्या. ही अंदाज करायची नाही. जे दिसेल ते लिहायची आणि नाही दिसलं तर खुर्ची मागे सरकवून मला म्हणायची, "ताई, हितं शाई पुसलीय."

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मोठं काम आलं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातलं, तिथल्या एका लहानशा बंदराच्या गावात निघणारं साप्ताहिक. नाव लिहीत नाही. ते लक्षात ठेवण्यासारखं कुणाला वाटणार नाही. चार पानांचा अंक, बारीक टाइप, आणि त्या काळच्या छपाईत 'एस' हे अक्षर कितीदा तरी 'एफ'सारखं दिसायचं. 'फिफ्टर' असा दिसणारा शब्द 'सिस्टर' असा टाइप करायचा, असा नियमांचा एक कागदच आम्हाला दिला होता.

बॅचेस क्रमाने यायच्या नाहीत. त्यामुळे त्या साप्ताहिकाचा इतिहास मला उलटासुलटा कळत गेला. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक अंक आला, त्याच्या सगळ्या रकान्यांना जाड काळी चौकट होती. ते साप्ताहिक काढणारा मुद्रक वारला होता. पुढच्या अंकात त्याच्या बायकोचं निवेदन होतं. नवऱ्याच्या मागे छापखाना मीच चालवणार आहे, अंक दर आठवड्याला निघेल, चुका राहिल्या तर सांभाळून घ्यावं. मी ते तीनदा वाचलं. माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं आणि त्यांच्या शिकवण्या पुढे चालवणार आहे असं मी त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. महिनाभरात मी तो नाद सोडला. या बाईने मात्र तो सोडला नव्हता. पुढची कितीतरी वर्षं शेवटच्या पानाच्या तळाशी तिचं नाव होतं.

नंतर एका बॅचमध्ये तिचा नवरा जिवंत भेटला. तरुण होता, पहिलाच अंक काढत होता, आणि मोठमोठी वचनं देत होता. तो गावाचं पोस्टही सांभाळायचा, म्हणून बातम्या आधी त्याच्याकडे यायच्या. बातम्या म्हणजे समुद्रापलीकडून जहाजाने आलेली वर्तमानपत्रं आणि पत्रं, सगळं दोन-तीन महिन्यांचं शिळं. हिवाळ्यात बंदर गोठलं की जहाज यायचं नाही. मग तो सरळ लिहायचा की या आठवड्यात टपाल आलेलं नाही, आणि जागा भरायला एखादं जुनं पत्र किंवा औषधाची कृती छापायचा. तो पुढे कधी मरणार ते मला ठाऊक होतं, त्यामुळे त्याचे ते उत्साहाचे अंक तपासताना मला जड जायचं.

डबा खाताना मी हे सगळं त्या मुलीला सांगायचे. तिला त्या बाईची गोष्ट फार आवडली होती. तिने तिचं नाव 'छापखानेवाली' ठेवलं.

"आज छापखानेवालीनं काय छापलं?" ती विचारायची.

"आज तिच्याकडे कागद संपत आलाय. लोकांना जुनी फडकी आणून द्या म्हणतेय. तेव्हा फडक्यांच्या लगद्यापासून कागद करायचे."

"मंग आपल्या भिवंडीत राह्याला पायजे व्हती. हितं लूमच्या चिंध्यांना काय तोटा?"

आणि आम्ही दोघी हसायचो. त्या ऑफिसात मला दुसरी मैत्रीण नव्हती. ती वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती, तरी मी मैत्रीणच म्हणेन.

एक दिवस तिने मला खुर्चीजवळ बोलावलं. शेवटच्या पानावर जाहिरातींमध्ये अंगठ्याएवढं एक चित्र होतं. चालणारा माणूस, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं.

"ताई, हा मानूस दर अंकात असतो. कुठं चाललाय हा?"

मला माहीत होतं. ते चित्र म्हणजे पळून गेलेल्या गुलामाची खूण होती. खाली मालकाने दिलेली जाहिरात असायची. अमुक बाई किंवा अमुक पुरुष पळाला आहे, वय इतकं, अंगावर हे कपडे, पाठीवर असे वळ, धरून आणणाऱ्याला बक्षीस मिळेल. त्या दिवशीच्या जाहिरातीत एक बाई होती. अंक छापखानेवालीच्या काळातला होता. आणि त्याच पानावर खाली, विक्रीला असलेल्या दुसऱ्या एका मुलीची चौकशी मुद्रकाकडे करावी, असं छापलं होतं. मुद्रक म्हणजे तीच.

"प्रवासाची जाहिरात आहे," मी म्हटलं. "वाटसरू आहे तो."

"एवढे लोक प्रवास करायचे?"

"बंदराचं गाव होतं ना."

तिने मान हलवली आणि पुन्हा टाइप करायला लागली. मी जागेवर येऊन बसले. त्या बाईचं मला जे कौतुक होतं ते मला मोडायचं नव्हतं, आणि हिच्या मनातलंही मोडायचं नव्हतं. खोटं बोलायला एवढंच कारण होतं. त्या जाहिराती आल्या की मी त्या पिवळ्या खुणांपुरत्या बघायचे आणि पुढे जायचे.

होळीच्या सुमाराला एका दुपारी ती स्वतःच माझ्या टेबलाशी आली. हातात कागदाचा कपटा, त्यावर एक ओळ उतरवून आणलेली.

"ताई, वाटसरूच्या जाहिरातीत सिस्टर कशाला?"

मी कपटा घेतला. त्यात लिहिलं होतं की पळालेल्या बाईची एक बहीण शेजारच्या गावात आहे आणि ती तिकडेच गेली असावी असा अंदाज आहे.

"सिस्टर म्हंजे बहीनच ना? शालेत 'माय सिस्टर' निबंध व्हता आमाला."

आता दुसरं खोटं माझ्या तोंडून निघेना. मी तिला शेजारी बसवलं आणि ती जाहिरात पहिल्या शब्दापासून मराठीत सांगितली. पळालेली गुलाम बाई पंचविशीची आहे, ठेंगणी आहे, समोरचा एक दात पडलेला आहे, निळा घागरा नेसली आहे, चालताना डाव्या पायावर जरा झुकते, लहान मूल बरोबर आहे, आणि बहिणीकडे गेली असणार. कुणी तिला आसरा देऊ नये.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपल्या छापखानेवालीनं छापलं हे?"

"हो."

"दर आठवड्याला?"

"जवळजवळ."

"मंग तुमी वाटसरू का म्हनालात?"

तिने कपटा परत घेतला, चार घड्या केल्या. मला वाटलं उठून जाईल. पण ती बसली होती.

"तिला धरायसाठी लिवलंय, ते कललं मना," ती म्हणाली. "पन तिचा दात, तिचा पाय, समदं लिवलंय. माझ्या बायचं कुनी एवढंबी न्हाय लिवलं."

बाय म्हणजे तिची थोरली बहीण. तिला एक थोरली बहीण होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर खारबावच्या बाजूला खाडीकाठच्या वीटभट्टीवर कामाला गेली. दसऱ्यानंतर गेलेली माणसं पावसाच्या आधी परततात. त्या वर्षी नवरा एकटाच आला. बायको कुणाबरोबर तरी पळून गेली, असं त्याने पाड्यावर सांगितलं. बाप चौकीवर गेला, तर नवऱ्याने तक्रार द्यायला हवी म्हणून त्याला परत पाठवलं. नवऱ्याने ती दिली नाही आणि पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून बाप कुणाच्या लग्नाला गेला नाही. थोरलीचं नाव घरात कुणी घेतलं तर तो शिव्या देत उठून बाहेर जायचा. याला नऊ वर्षं झाली होती.

"ती पलनारी न्हाय," मुलगी म्हणाली. "गावच्या जत्रेतबी मना सोडून हलायची न्हाय. ताई, आपल्या हितं पन पेपर हाय ना, आठवड्याचा? त्यात देता येल का असं? धरून आना म्हनून न्हाय. कुनी बघितलीय का, एवढंच."

भिवंडीत तसा पेपर होता. एक वयस्कर संपादक एकटेच तो काढायचे. माझ्या वडिलांचे ते ओळखीचे.

"देऊ या," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

आणि मी बोलले नाही. आधी आईच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं. मग ऑफिसात काम लवकर संपवायची घाई झाली. ही कारणं खरी होती, पण संपादकांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर होतं हेही खरं. मला वाटायचं, बाई खरंच पळून गेली असेल तर? छापून आलं की नवरा भांडायला येईल, चौकीवरून बोलावणं येईल, आणि त्यात माझंही नाव गुंतेल. मुलीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "या आठवड्यात नक्की." तिसऱ्यांदा ती विचारायला आली नाही.

गणपतीनंतर ती बारा-तेरा दिवस कामावर आली नाही. आली तेव्हा कळलं, बाप गेला. शेतात काम करता करता बसला आणि तिथेच संपला.

"काही बोलले?" मी विचारलं.

"न्हाय. पानी मागितलं."

ती मशीनवर बसली आणि काम सुरू केलं. जाहिरातीचा विषय तिने काढला नाही. त्याच संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, मी तिला घेऊन संपादकांकडे गेले.

त्यांचं ऑफिस म्हणजे एका खोलीत टेबल, कपाट आणि जुन्या अंकांचे गठ्ठे. भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू होते, त्यामुळे तिघांनाही आवाज चढवून बोलावं लागत होतं. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोटो आहे?"

"न्हाय," ती म्हणाली.

"लग्नातला?"

"न्हाय काढला."

"मग वर्णन सांग. बाई, तुम्ही लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. जातेवेळी वय एकवीस-बावीस. उंची हिच्या कानापर्यंत. रंग सावळा. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली विळ्याचा जुना व्रण. हसताना तोंडावर हात धरते. इथे संपादक म्हणाले, "हे शेवटचं नको. याच्यावरून कुणी ओळखणार नाही."

"असूं द्या," ती म्हणाली. एवढंच, पण त्यांनी राहू दिलं.

"मथळा काय देऊ? 'हरवली आहे' असाच देतात."

"'कुनी बघितलीय का' असा द्या."

जाहिरात चौथ्या पानावर आली. संपादकांचा पेपर तेव्हा मोजक्या ठिकाणीच जायचा, त्यात खारबाव स्टेशनजवळचा एक स्टॉल होता. खाली मी माझा फोन नंबर दिला होता. जी भीती मला सहा महिने वाटत होती, तिच्यापैकी काहीही घडलं नाही. नवरा आला नाही, चौकीवरून कुणी बोलावलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. हिंदी बोलत होता. भट्ट्यांच्या रस्त्यावर त्याची चहाची टपरी होती. त्याची मुलगी मराठी शाळेत शिकायची, तिने पेपर वाचून दाखवला होता.

"वो ठुड्डी पे तीन बिंदीवाली," तो म्हणाला. "बहनजी, वो भागी नहीं थी. उसको बुखार हुआ था. चार-पाँच दिन में खतम हो गई. उसके आदमी ने और दो जनों ने वहीं खाड़ी के किनारे गाड़ दिया. आदमी डर गया था, कि ससुरालवाले पूछेंगे दवाखाने क्यों नहीं ले गया."

मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की तीच का. हाताचा व्रण त्याने आपण होऊन सांगितला. चहाचा ग्लास धरताना दिसायचा, म्हणाला.

ती माझ्यासमोरच्या रांगेत टाइप करत होती. मी तिला जिन्यात नेलं आणि सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि खाली ट्रककडे बघत राहिली. मग म्हणाली, "बा हिला शिव्या देत मेला."

सहा महिने आधी छापलं असतं, तर तो शिव्या देत मेला नसता. हे ती बोलली नाही. मीही बोलले नाही.

त्या रविवारी आम्ही दोघी खारबावला गेलो. टपरीवाला बरोबर आला. भट्टी कधीच बंद झाली होती. तिथे भराव टाकून कंपाउंड घातलं होतं, आत गोदामाचा सांगाडा उभा होता. त्याने हाताने दाखवलं, त्या कोपऱ्याकडे, त्या खांबाच्या पलीकडे कुठेतरी. वॉचमनने आत सोडलं नाही. तिने पिशवीतून तांदळाची पुरचुंडी आणि हिरवा खण काढला, कंपाउंडच्या बाहेर गवतात ठेवला, आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. माझ्या कानावर फक्त 'बाय' एवढाच शब्द आला. टपरीवाल्याने आम्हाला चहा पाजला. परतताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

पुढच्या वर्षी ते साप्ताहिक संपलं. म्हणजे आमच्या बॅचेस संपल्या. शेवटच्या काळात छापखानेवालीचा मुलगा ते काढत होता. इंग्रज सरकारने कागदावर मुद्रांकाचा कर बसवला तेव्हा त्याने निषेध म्हणून आईसारखीच काळी चौकट छापली होती. पुढे इंग्रजांविरुद्धची लढाई आली, कागद मिळेना, अंक दोन पानांचा झाला. शेवटचा जो अंक होता त्यात निरोप वगैरे काही नव्हता. एक लांबलचक पत्र अर्ध्यावर तुटलं होतं. बाजूला, गाठोडं घेतलेला माणूस होताच. त्याखालची जाहिरात मी पूर्ण वाचली. त्या वेळेपर्यंत मी सगळ्या वाचायला लागले होते, मागच्यासुद्धा. छापखानेवालीबद्दल मला नक्की काय वाटतं ते मी आजही सांगू शकत नाही. तिने नवऱ्यामागे छापखाना सांभाळला, आणि तिच्या छापखान्यातून बायका विकल्या गेल्या. दोन्ही त्याच टाइपात आहे.

त्यानंतर असली पानं मशीनच वाचायला लागलं आणि टाइप करणाऱ्या मुलींची गरज उरली नाही. आधी अर्ध्या गेल्या, त्यात ती होती. सहा महिन्यांनी मी. मी आता एका वकिलाकडे कारकुनी करते. संपादकही वारले, त्यांचा पेपर पुढे कुणी चालवला नाही.

मागच्या हिवाळ्यात आईला गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं होतं, म्हणून गणेशपुरीला रिक्षा करून गेले. रस्त्याच्या कडेला ती हारफुलं विकत बसली होती. अंगाने भरली होती. तिने आधी मला ओळखलं. लग्न झालंय, मुलगी बालवाडीत जाते, भाताचं बरं चाललंय, असं सगळं सांगितलं. माझ्या आईचे डोळे कसे आहेत तेही विचारलं.

मी तिच्या शेजारी पाटावर टेकले आणि जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते बोलले. "त्या वेळी मला वेळ नव्हता असं नाही. मी टाळत होते. घाबरत होते."

"म्हाईत हाय मना," ती म्हणाली. तिचे हात हार ओवत होते, थांबले नाहीत. "संपादकाचं घर तुमच्या वाटंवर व्हतं. बा गेला तवा लई राग आलता तुमचा."

"मग बोलली नाहीस कधी."

"बोलून काय व्हनार व्हतं?"

"आणि आता? अजून राग येतो?"

तिने दोरा दाताने तोडला आणि हार टोपलीत ठेवला.

"येतो कवा कवा," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडे आई रिक्षात बसून वाट बघत होती. तेवढ्यात एसटीतून माणसं उतरली, दोघं-तिघं हार घ्यायला आली, आणि मी त्यांना जागा करून देऊन उठले.